शंभर टक्क्यांचा ताळा

आमच्या शाळेत 'ताळा' हा शब्द मुलं पाचवीत शिकायची आणि सहावीपर्यंत त्याचा अर्थ विसरायची. शब्द तेवढा राहायचा. उत्तर आलं की खाली एक ओळ सोडायची, 'ताळा' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढायच्या आणि पुढे लिहायचं, 'डा. बा. = उ. बा.' म्हणजे समीकरणाची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी आली, उत्तर तपासून पाहिलं, बरोबर आहे. तपासलेलं कोणीच नसायचं. गणित चुकलेलं असो, अर्धवट सोडलेलं असो, पुढच्या बाकावरून उचललेलं असो, ताळा मात्र प्रत्येकाचा बरोबर. त्या ओळीला एक गुण होता आणि शिक्षकमंडळी तो डोळे मिटून देत. रत्नागिरीतल्या त्या शाळेत मी वीसेक वर्षं गणित शिकवलं. ताळा होत नाही असं लिहिणारी एकच मुलगी मला भेटली, आणि तिला शाळेतून काढायला निघालेले लोकही तिथेच भेटले.

एकदा नववीच्या वर्गात एकाच्या उत्तरात बाप अकरा वर्षांचा आणि मुलगा तेहेतीस वर्षांचा निघाला. खाली ताळा होताच. मी विचारलं, "काय रे, बाप मुलापेक्षा लहान?" तो शांतपणे म्हणाला, "गणितात चालतं, बाई." वर्ग हसला असता तर मी सोडून दिलं असतं. कोणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलेलं दिसलं. या पोराच्या घरी आंब्याची कलमं होती. पाच डझनांच्या पेटीत एक फळ कमी घातलं तर त्याने गड्याशी भांडण काढलं असतं. पण वहीत बाप पोरापेक्षा लहान झाला तरी त्याला काही वाटत नव्हतं, कारण वही ही विचार करायची जागा आहे असं त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

सांगणार कोण? मुख्याध्यापक, ज्यांना सगळी शाळा मोठे सर म्हणायची, ते इतिहासाचे. लढाईत शेवटी कोण जिंकलं एवढंच ते लक्षात ठेवत, आणि शाळेच्या बाबतीत जिंकणं म्हणजे दहावीचा शंभर टक्के निकाल. गणिताचे दुसरे शिक्षक म्हणजे शिकवणीवाले सर. हे दिवसा शाळेत विश्रांतीला यायचे आणि संध्याकाळी आपल्या घराच्या पडवीत शिकवायचे. पडवीबाहेर चपलांचा ढीग पडायचा. त्यांची मुलं गणित वाचत नसत, ओळखत. 'नाव आणि प्रवाह' दिसलं की ही रीत, 'वय' दिसलं की ती रीत, 'दोन अंकी संख्या' दिसली की तिसरी. गणितात नक्की काय विचारलंय हे बघणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं ते उघड सांगत. त्यांच्या पडवीतून दरवर्षी चांगले मार्क मिळवणारी आणि बाकी काहीच न कळणारी मुलं बाहेर पडत, आणि त्यांचे आईबाप सरांना आंब्याची पेटी पोचवत.

अठ्ठ्याण्णव साली आम्हा गणित शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. पडद्यावर पारदर्शिका टाकायच्या आणि पडद्याकडे तोंड करून त्या वाचायच्या, ही त्यांची शिकवण्याची पद्धत. विषय असा की विद्यार्थ्याने गणित सोडवता सोडवता स्वतःच्या विचारावर लक्ष ठेवायला शिकावं. आपण काय करतोय, का करतोय, अडलो तर कुठे अडलो, हे त्याचं त्यालाच कळावं. या सगळ्याला त्यांनी एक लांबलचक संस्कृत नाव दिलं होतं. ते उच्चारताना ते स्वतःच दोनदा अडखळले आणि कुठे अडखळलो हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कल्पना मात्र चांगली होती, हे मला मान्य करावं लागेल. इतकी चांगली, की ती त्यांची नव्हे हे ऐकतानाच कळत होतं. शेवटी त्यांनी पाच पायऱ्यांचा तक्ता वाटला आणि म्हणाले, "हा विद्यार्थ्यांकडून पाठ करून घ्या." विचार कसा करावा हे पाठ करून घ्या! आम्ही बटाटेवडे खाल्ले आणि आपापल्या एसटी पकडल्या.

शिकवणीवाल्या सरांनी तो तक्ता दुसऱ्याच दिवशी फळ्यावर लिहून दिला. पुढच्या चाचणीत त्यांच्या तुकडीच्या पेपरांत काय यावं? 'पायरी पहिली : विचार केला. पायरी दुसरी : योजना आखली. म्हणून क्ष = १२.' चाळीस पोरांनी ओळीने लिहिलं होतं, विचार केला. सरांनी त्या ओळीला अर्धा गुण दिला होता. मी शिक्षकखोलीत ते वाचून इतकी हसले की सगळे बघायला लागले, आणि हसता हसता मला राग यायला लागला.

मी तो तक्ता कपाटावर टाकला आणि माझ्या वर्गात माझ्या रीतीने सुरुवात केली. एकाने फळ्यापाशी यायचं. डस्टर माझ्या टेबलावर, म्हणजे चुकलेलं पुसायला मिळणार नाही. आणि खडू चालत असताना तोंड चालायला हवं. डोक्यात जे येईल ते बोलायचं, घरी बोलता तसं, पुस्तकी भाषेत नको. मध्ये मी तीनच प्रश्न विचारायची. काय मागितलंय? उत्तर साधारण केवढं यायला हवं? आलं ते पटतं का? पहिले काही आठवडे नुसतं मौन. मी विचारायची, "डोक्यात काय चाललंय?" उत्तर यायचं, "काय नाय." "काय नाय कसं? हात तर चाललाय." "हात चाललाय, बाई." ते अगदी खरं बोलत होते. मोठे सर व्हरांड्यातून जाताना थांबून म्हणायचे, "बाई, वर्गात बाजार भरलाय." शिक्षकखोलीत याला 'बाईंची बडबड' असं नाव पडलं होतं. शिकवणीवाले सर विचारायचे, "काय बाई, आज किती गणितं झाली?" मी सांगायची, एक. मग ते बाकीच्यांकडे बघून मान हलवायचे.

ती मुलगी नववीत आमच्याकडे आली. गाव हेदवीच्या आत, डोंगराकडे. गावातली शाळा सातवीला संपली. आठवी तिने रोज दोन डोंगर चढून कुठेतरी केली आणि मग बापाने तिला रत्नागिरीत आत्याकडे आणून ठेवलं. आत्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. तिच्या नवऱ्याने आधीच सांगून टाकलं होतं, पोरगी शाळेत आहे तोवर राहील, शाळा सुटली की गावाला. गावाला जाणं म्हणजे पुस्तक मिटणं. हे तिलाही माहीत होतं आणि पहिल्या महिन्यातच तिने मला सांगितलंही होतं, रडगाणं म्हणून नव्हे, माहिती म्हणून. तिला बारावीनंतर डी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. ती कल्पना तिच्या डोक्यात कोणी घातली देवाला ठाऊक. आमच्या शिक्षकखोलीत एकदा बसली असती तर उतरली असती.

फळ्यापाशी न बोलणाऱ्या त्या वर्गात ती पहिल्या दिवसापासून बोलली, कारण ती एकटी असतानाही बोलायचीच. गणित वाचायची, खडू टेकवायची आणि स्वतःलाच म्हणायची, "थांब गो." मग परत वाचायची. "पयलं काय दिलानी? बापाचं वय. मागितलानी कोणाचं? पोराचं. मग मी बापाचं कशाला काढते? थांब गो." वर्गाला हे ऐकून हसू आवरायचं नाही. त्यांनी तिला 'थांबगो' म्हणायला सुरुवात केली. तिने मनावर घेतलं नाही. तज्ज्ञांच्या पाच पायऱ्या मावतील एवढं त्या दोन शब्दांत होतं, पण ते संस्कृत नसल्यामुळे त्यावर कोणी पारदर्शिका केली नाही.

एक खरं, ती संथ होती. इतर मुलं तीन गणितं उरकत तोवर हिचं एक व्हायचं. पण ते तिचं असायचं. चुकलं तर कुठे चुकलं हे ती सांगू शकायची. "इथे मी घाई केली, बाई. तिप्पट म्हंजे तीन मिळवले." असं सांगणारा विद्यार्थी किती किमती असतो हे ज्याने शिकवलंय त्यालाच कळेल. आमच्याकडे शिकवणारे फार थोडे होते.

दहावीत सहामाहीचा बीजगणिताचा पेपर शिकवणीवाल्या सरांनी काढला. त्यांची पेपर काढायची रीत सोपी. गाइडातून गणितं उचलायची. पण कोणी उचललीत असं म्हणू नये म्हणून या खेपेला त्यांनी थोडं डोकं चालवलं. गाइडात होतं, 'आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनी ते तिच्या वयाच्या दुप्पट होईल. तर मुलीचे आजचे वय किती?' उत्तर बारा. सरांनी 'दुप्पट' खोडून 'चौपट' केलं आणि उत्तर बाराच ठेवलं. गणित स्वतः सोडवून बघावं हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. पायरी पहिली त्यांनीच गाळली होती.

पेपर वाटले गेले. सरांच्या पडवीतल्या मुलांनी गणित ओळखलं, वाचलं नाही, आणि बारा लिहिलं. ताळा, डा. बा. = उ. बा. काहींनी खरोखर समीकरणं मांडली. त्यांना मुलीचं वय वजा छत्तीस आलं. आता वजा वय कसं लिहायचं, म्हणून त्यांनी वजाचं चिन्ह गुपचूप गाळलं. मुलगी छत्तीस वर्षांची, आई एकशे आठ. ताळा बरोबर. अख्ख्या वर्गात एकाही पोराला ती एकशे आठ वर्षांची आई दिसली नाही.

हिला पण वजा छत्तीस आलं. हिने ताळा केला, म्हणजे खरोखर केला. आज आई वजा एकशे आठ, बारा वर्षांनी वजा शहाण्णव, मुलगी वजा चोवीस. वजा चोवीसची चौपट वजा शहाण्णव. दोन्ही बाजू तंतोतंत जुळत होत्या. दुसरं कोणी असतं तर सुटकेचा निःश्वास टाकून पुढच्या प्रश्नाकडे गेलं असतं. पर्यवेक्षणाला मीच होते. मी तिचे ओठ हलताना पाहिले, आणि ती काय म्हणतेय हे मला ऐकू न येताही कळलं. मग बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत बसली. मग तिने लिहायला घेतलं. 'डा. बा. = उ. बा. येते, पण ताळा होत नाही. दोघींचे वय सारखेच वाढते, म्हणून वर्षे जातात तशी पट कमी होत जाते. मी पाच वर्षांची होते तेव्हा आई माझ्या सहापट होती, आता तिप्पटसुद्धा नाही. तिप्पटची चौपट कधीच होणार नाही. गणितात चूक आहे.'

एवढं होईपर्यंत घंटेला थोडाच वेळ उरला. शेवटचे दोन प्रश्न तिने सोडवलेच नाहीत.

सरांनी त्या उत्तरावर तांबडी फुली मारली, शून्य दिलं आणि बाजूला लिहिलं, 'आगाऊपणा.' एकूण बेरीज पासाच्या रेषेखाली गेली.

आता आमच्या शंभर टक्क्यांची युक्ती सांगते. ती फक्त आमचीच होती असं नाही, म्हणून कोणी आमच्याकडे बोट दाखवत नसे. सहामाहीत जी मुलं गणितात पडतील त्यांच्या पालकांना दिवाळीनंतर बोलवायचं. मोठे सर खुर्ची पुढे ओढून गोड आवाजात सांगायचे, पोराचा दाखला काढून न्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा, अभ्यासाला निवांत वेळ मिळेल. पालक बिचारे मान डोलवायचे. मग मोठे सर अर्ज सांगायचे. मजकूर ठरलेला. 'घरगुती अडचणींमुळे मी माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला राजीखुशीने मागत आहे.' सही झाली की ते मूल आमचं राहत नसे. पुढे ते पास होवो, नापास होवो, परीक्षेला बसो की न बसो, आमच्या टक्क्यांना धक्का नाही. दरवर्षी आमच्या शाळेतल्या चार-पाच घरांत नेमक्या दिवाळीनंतर घरगुती अडचणी उपटायच्या.

त्या वर्षी पाच नावं निघाली. पाचवी ती.

मी पेपर घेऊन शिकवणीवाल्या सरांकडे गेले. शिक्षकखोलीत तेव्हा सगळे होते आणि ते मला हवंच होतं. म्हटलं, "सर, हे गणित सोडवून दाखवा." त्यांनी चहाचा कप ठेवला, कागद ओढला, भराभरा मांडलं आणि वजा छत्तीसवर येऊन थबकले. कानशिलं लाल झाली. मग त्यांनी ताळा केला. चेहरा उजळला. "ताळा तर येतोय की बरोबर."

"मुलीचं वय वजा छत्तीस आहे, सर."

"ते बीजगणितात चालतं, बाई."

नववीतलं ते कलमवाल्याचं पोरगं हे कुठे शिकलं, ते मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं होतं त्याचं त्याने काढलं असेल.

प्रकरण मोठ्या सरांकडे गेलं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्यासारखं केलं आणि न्याय दिला. प्रश्न सदोष होता, सबब त्याचे पूर्ण गुण सर्वांना. बारा लिहिणाऱ्यांना पूर्ण, एकशे आठ वर्षांच्या आईला पूर्ण, गणित चुकीचं आहे हे शोधून काढणारीलाही तेवढेच. सर्वांना समान. मी म्हटलं, या चुकीपायी तिचे दोन प्रश्न गेले त्यांचं काय? ते म्हणाले, "वेळेचं नियोजन नको का, बाई? बोर्डाच्या परीक्षेत असं थांबून कसं चालेल?" वाढीव गुण धरूनही ती रेषेच्या किंचित खालीच राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या खोलीतल्या एकाही माणसाबद्दल मला त्यानंतर आदर वाटला नाही, आणि खोटं कशाला, आधीही फारसा नव्हता.

चार पालक येऊन सह्या करून गेले. एकजण तर आभार मानून गेला. पाचव्या दिवशी तिचे वडील आले. तवसाळच्या तरीने खाडी ओलांडून जयगडला उतरून पहिल्या एसटीने आले होते. भातकापणी नुकतीच उरकलेली, हातावर कोयतीचे ओरखडे होते. टोपी काढून खुर्चीच्या कडेवर बसले. वर्गशिक्षिका म्हणून मला बोलावलं होतं. मुलगी दाराशी उभी. मोठ्या सरांनी गोड आवाज लावला. निवांत वेळ, बाहेरून बसणं, मुलीच्याच भल्यासाठी. वडील 'होय, होय' म्हणत होते. मी मध्ये तोंड उघडलं, "तिला शाळेत ठेवायला हवं, ती पास होईल," तर मोठे सर म्हणाले, "बाई, पालकांना ठरवू द्या." वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मोठ्या सरांकडे बघितलं. मोठ्या सरांची खुर्ची मोठी होती.

"माझा अक्षर काय बरा नाय," वडील म्हणाले.

"हरकत नाही. मुलगी लिहील, तुम्ही सही करा."

आमच्या शाळेने मुलांना एक गोष्ट पक्की शिकवली होती, ती म्हणजे सांगितलेलं लिहून घेणं. ती पुढे आली, टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून लिहायला लागली. मोठे सर खिडकीकडे बघत सांगत होते. "महोदय, स्वल्पविराम. घरगुती अडचणींमुळे मी माझ्या मुलीचा..."

"थांब गो," ती म्हणाली.

मोठे सर वळले. "काय?"

"तुम्हाला नाय, सर. माझं मला." तिने लिहिलेली ओळ परत वाचली, ओठ हलवत, फळ्यापाशी वाचायची तशी. मग बापाकडे बघितलं. "बाबा, आपल्या घरात अडचण काय ती?"

वडील गोंधळले. त्यांनी खरोखर विचार केला. "काय नाय," ते म्हणाले. "भात बरा झाला यंदा. तुझी आवस पण बरी हाय."

"मग ह्यात अडचण लिवलीय ती कोणाची?"

"अगं, असं लिहायची पद्धत असते," मोठे सर म्हणाले. आवाजातला गोडवा आटला होता. "अर्जात कारण द्यावं लागतं. तू लिही पुढे. राजीखुशीने मागत आहे."

"पण मागितलानी तर तुम्ही, सर. आम्ही कुठे मागितलान?" ती उद्धटपणे बोलत नव्हती. तिला खरंच काय दिलंय आणि काय मागितलंय याचा मेळ लागत नव्हता. तिने पेन टेबलावर ठेवलं. "हे पटत नाय मला."

मग वडिलांनी टोपी घातली. "खोटा कशाला लिवायचा, सर?" ते म्हणाले. "पोर शाळेत जाईल. पडली तर पडली. पुढल्या साली परत बसेल." आणि नमस्कार करून उठले. पालकाच्या अर्जाशिवाय दाखला देता येत नाही, आणि हे मोठ्या सरांइतकं चांगलं कोणालाच माहीत नव्हतं.

बापलेक गेल्यावर मोठे सर मला म्हणाले, "तुम्ही पोरांना उलट बोलायला शिकवता."

मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी माझ्याकडून दहावी काढून घेतली आणि मला पाचवी दिली. ती शिक्षा होती असं त्यांना वाटायचं. पाचवीत ताळा पहिल्यांदा शिकवतात, हे इतिहासवाल्यांच्या लक्षात आलं नसावं.

त्या वर्षी मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी ती शाळा सुटल्यावर माझ्या घरी यायची. तिचं थांबणं मी मोडलं नाही. कुठल्या गणितापाशी थांबायचं आणि कुठलं सरळ उरकायचं हे तिचं तिनेच ठरवायला शिकायचं, एवढंच आम्ही केलं. पेपर हातात आला की आधी सगळा वाचायचा आणि स्वतःला विचारायचं, मी कुठे अडणार आहे? पहिल्या आठवड्यात तिचे अंदाज साफ चुकायचे. फेब्रुवारीपर्यंत ती अडण्याआधीच सांगायला लागली होती, "ह्यात मी अडकणार, बाई, हे शेवटाला ठेवते."

जूनमध्ये निकाल लागला. ती पास झाली. गणितात डोळे दिपावे असे मार्क नव्हते, पण अकरावीला आणि पुढे डी.एड.ला जाता येईल एवढी टक्केवारी एकूण आली. शाळेच्या फाटकाशी मोठा फळा लावला होता आणि त्यावर रंगीत खडूंनी लिहिलं होतं, 'आमचा निकाल शंभर टक्के.' भोवती वेलबुट्टी. शिकवणीवाले सर पालकांकडून हार घेत उभे होते. वर्तमानपत्राचा माणूस कॅमेरा घेऊन आला होता.

ती पेढे घेऊन आली आणि आधी माझ्याकडे आली. पाया पडली. मग फळ्याकडे बघत उभी राहिली. ओठ हलायला लागले, तेव्हा मला कळलं की आता काहीतरी येणार.

"बाई, मी बाहेरून बसले असते तर निकाल किती लागला असता?"

"शंभर."

"आता मी हाय तरी शंभर."

"हो."

"आणि ती चौघं?" चौघांतली दोघं बाहेरून परीक्षेला बसली होती आणि त्यांतलं एक पास झालं होतं. उरलेली दोघं बसलीच नव्हती. एक मुंबईला काकाकडे कामाला गेला, एकीचं लग्न ठरत होतं. हे तिलाही माहीत होतं, दिवाळीपर्यंत ती त्यांच्याच शेजारी बसत होती. ती परत फळ्याकडे बघायला लागली. "मग ह्या शंभराचा ताळा कसा करायचा?"

तेवढ्यात मोठ्या सरांची हाक आली. ते अगदी खुशीत होते. फोटोसाठी सगळ्यांना फळ्यापाशी ओळीत उभं करत होते आणि ती दिसल्यावर त्यांनी तिलाही हात केला, जसं काही तिला ठेवून घेणारे तेच होते. "ये, ये, अशी पुढे ये. आपली पोरगी आहे. चला, झाले का सगळे?"

ती ओळीच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "थांबा, सर. आमची चौघं यायची हायत अजून."

मोठ्या सरांनी फाटकाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, मग हसत तिच्याकडे वळून विचारलं, "कुठली चौघं?"

ते नाटक नव्हतं. ते खरोखरच विसरले होते.